कुकडीचं खोरं: नाणेघाटापासून रांजणखळग्यांपर्यंत

जुन्नरला येणाऱ्या पाहुण्याची यादी तयारच असते. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आणि वेळ उरलाच तर नाणेघाट. सकाळी सातला निघायचं आणि रात्री जेवायला पुण्यात. अशा बऱ्याच जणांबरोबर मी फिरलो आहे. परतताना नारायणगावच्या आसपास चहाला थांबलो की कुणीतरी विचारतंच, एवढं सगळं एकाच तालुक्यात कसं काय? किल्ले आहेत, बौद्ध लेणी आहेत, दोन अष्टविनायक आहेत, धरणं आहेत, उसात बिबटे आहेत, आणि वर आकाश ऐकणारी दुर्बीणसुद्धा.

माझं उत्तर थोडं लांब आहे, पण त्याचं मूळ एकच आहे. या जमिनीचा आकारच तसा आहे. पश्चिमेला कड्यात एक अरुंद दार, पूर्वेला मोकळं मैदान, दोन्ही बाजूंना डोंगरांच्या भिंती आणि मधून वाहणारी नदी. दोन हजार वर्षांत इथे जे जे झालं, त्यातलं बरंचसं या आकारामुळे झालं. म्हणून आपण यादीने न जाता पाण्याबरोबर जाऊ, पश्चिमेकडून पूर्वेकडे.

पंजा टेबलावर ठेवा

आधी खोरं म्हणजे काय ते पाहू. उजव्या हाताचा पंजा बोटं फाकवून टेबलावर ठेवा, मनगट पश्चिमेला आणि बोटं पूर्वेला. मनगट म्हणजे सह्याद्रीची मुख्य रांग आणि बोटं म्हणजे तिला पूर्वेकडे फुटलेले डोंगरांचे फाटे. दोन बोटांमध्ये जी जागा राहते ते खोरं. त्या जागेत पडलेलं पाणी दोन्ही उतारांवरून मध्ये येतं आणि एका नदीत जमा होतं. एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायचं तर बोट ओलांडावं लागतं, म्हणजे खिंड चढावी लागते. त्यामुळे प्रत्येक खोऱ्याचा बाजार, सोयरिकी आणि बोलण्याची लकबसुद्धा थोडी वेगळी राहिली.

पुण्याच्या आसपास अशा खोऱ्यांना मावळ म्हणतात. सूर्य मावळतो ती बाजू, असा त्याचा सरळ अर्थ लावतात. उत्तरेला जुन्नरकडे आलं की तोच प्रकार ‘नेर’ होतो. बारा मावळ आणि बारा नेरे अशी जोडीच जुन्या लिखाणात येते. मीना नदीचं मीननेर, घोड नदीचं घोडनेर, भीमेचं भीमनेर, भामेचं भामनेर. आमच्या कुकडीचं खोरं म्हणजे कुकडनेर. शिवनेरी या नावातला ‘नेर’ही हाच, आणि पारनेर, संगमनेर यांच्या शेपटातलाही हाच.

या डोंगरांचा दगड लाव्हाचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि पसरून थंड झाला. मग त्यावर पुन्हा लाव्हा आला, पुन्हा थंड झाला. भाकरीवर भाकरी रचावी तसे थर साचत गेले. त्यातले काही थर टणक आणि काही भुसभुशीत आहेत. टणक थराचा सरळ कडा उभा राहतो, भुसभुशीत थर झिजून उतार होतो आणि त्यावर झाडी वाढते. म्हणून इथला कुठलाही डोंगर दुरून जिन्यासारखा दिसतो. कडा, उतार, पुन्हा कडा आणि माथ्यावर टेबलासारखं सपाट पठार. हा जिना लक्षात ठेवा. लेणी आणि किल्ले दोन्ही त्याच्याच पायऱ्यांवर आहेत.

कुकडीचा उगम जुन्नरच्या पश्चिमेला पूर गावात दाखवतात. तिथे कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, शिलाहारांच्या काळातलं मानतात. शिलाहारांच्या घराण्यातल्या झंझ राजाने नद्यांच्या उगमांवर बारा शिवालयं बांधली आणि त्यातलंच हे एक, असं या भागात सांगितलं जातं. मूळचं शिखर आता नाही, पण भिंतींवरचं कोरीव काम अजून बघण्यासारखं आहे. जुन्नरला येणाऱ्यांपैकी फार थोडे इथवर का येतात, हे मला कधी कळलेलं नाही.

कड्यातलं दार

पूरच्या पुढे घाटघर आणि त्याच्या पुढे जमीन संपते. खरोखरच संपते. पठार एकाएकी तुटतं आणि अडीच हजार फुटांच्या आसपास खाली कोकण दिसायला लागतं. भूगोलाच्या पुस्तकात ‘जलविभाजक’ असा शब्द भेटतो. तो इथे पायाखाली असतो. कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब कुकडीत जातो, मग घोड, भीमा, कृष्णा असं करत थेट बंगालच्या उपसागराला मिळतो. चार पावलं पलीकडे पडलेला थेंब उल्हासच्या खोऱ्यातून अरबी समुद्रात जातो. समुद्र इतका जवळ असताना आमचं पाणी अख्खा द्वीपकल्प ओलांडून जातं.

या कड्यात एक चीर आहे, तोच नाणेघाट. दोन्ही बाजूंना कातळ आणि मधून दगडी वाट. तिच्या शेजारचा सुळका म्हणजे नानाचा अंगठा. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा ही बंदरं गजबजलेली होती आणि राजधानी होती पैठणला. बंदरावरचा माल देशावर आणायचा तर कडा कुठेतरी चढावा लागणारच. इथून चढलं की समोर रुंद, सपाट, पाण्याचं खोरं आयतं मिळतं आणि ते थेट पूर्वेकडे घेऊन जातं. व्यापाऱ्याला याहून काय हवं?

वाट जिथे वर येते तिथे कातळात एक लेणं खोदलेलं आहे. महाराष्ट्राच्या इतिहासासाठी या खोलीइतकी महत्त्वाची खोली मला दुसरी आठवत नाही. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. सातवाहन राणी नागनिकेचा. तिने आणि तिचा पती सातकर्णी याने केलेल्या यज्ञांची ती नोंद आहे. अश्वमेध, राजसूय आणि प्रत्येक यज्ञात काय दान दिलं त्याचा हिशेब. गाई किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण नावाची नाणी किती. लेख साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला धरतात. आकडे लिहिण्याच्या इतिहासातही त्याला मोठा मान आहे, कारण भारतीय अंकांची फार जुनी रूपं इथे सापडतात. फक्त शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. म्हणजे हजाराचा हिशेब ठेवणारी माणसं होती, पण एकावर तीन शून्यं मांडायची युक्ती अजून यायची होती.

मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या व्यक्तींच्या कोरीव प्रतिमा होत्या. वर ओळीने नावं आहेत. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरी सातकनी, मग कुमार. खाली बघितलं तर फक्त पावलांचे अवशेष. माणसं गेली, पावलं राहिली. पहिल्यांदा गेलो तेव्हा ती मला दिसलीच नव्हती, घाटघरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी काठीने दाखवली. ‘ही पायं राजाची,’ एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

वर पठारावर एक मोठा दगडी रांजण आहे. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्याने जकातीची नाणी त्यात टाकायची, अशी त्याची गोष्ट. रांजण जकातीचा की पाण्याचा, यावर कुणी पैज लावू नये. पण वाटेवर जकात होती हे सहज पटतं. एवढ्या अरुंद दारातून जाणाऱ्याला चुकवायला दुसरी वाट कुठली?

पावसाळ्यात मात्र इथे इतिहासाकडे कुणाचं लक्ष नसतं. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून सरळ वर उसळतो आणि खाली पडणारं पाणी उलटं वर फेकतो. या उलट्या धबधब्यासाठी शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. तोच वारा खोऱ्याचं पाऊसपाणीही ठरवतो. ढग कड्यावर चढताना बहुतेक ओझं तिथेच उतरवतात. घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर पाऊस, जुन्नर शहरात हजारापेक्षा कमी आणि आणखी पूर्वेला आणे गावाच्या पठारावर तर पाण्याची ओरड कायमची. मध्ये अंतर किती? एसटीने दोन-अडीच तास. पश्चिमेला भात, नाचणी, वरई आणि महादेव कोळी कुटुंबं गोळा करतात तो हिरडा, तर पूर्वेला बाजरी. एकाच तालुक्यात दोन हवामानं नांदतात.

भिक्खू, व्यापारी आणि एक गणपती

जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी देशात दुसरीकडे क्वचितच असतील. तुळजा लेणी, मानमोडी, शिवनेरीच्या पोटातली लेणी आणि उत्तरेला लेण्याद्री. लेणी म्हटलं की अजिंठ्यासारखी चित्रं आणि मूर्ती डोळ्यांसमोर येतात. इथे तसं फारसं काही नाही. इथली लेणी साधी आहेत. झोपायचा कट्टा असलेल्या खोल्या, पाण्याची टाकी, जेवणाची जागा आणि मध्ये कुठेतरी स्तूप असलेलं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा. बुद्धाची मूर्ती घडवण्याचा प्रघात पडण्याआधीचा हा काळ.

इतकी लेणी इथेच का, याचं उत्तर पुन्हा तेच दार आणि तोच जिना. टणक थराचा कडा म्हणजे खोदायला उत्तम दगड, वर छप्पर भक्कम आणि खाली वाहता रस्ता. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यात एका जागी थांबण्याच्या काळात, भिक्खूंना राहायला जागा हवी होती, व्यापाऱ्यांना पुण्य हवं होतं आणि वाटेवर कुणीतरी भरवशाचं माणूसही. दात्यांची नावं भिंतींवर कोरलेली आहेत. त्यात स्वतःला ‘यवन’ म्हणवणारेही आहेत, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले परदेशी. समुद्रापलीकडचा माणूस जुन्नरच्या डोंगरात दान देतो, यावरून ही बाजारपेठ किती लांब पोहोचली होती ते समजतं. मानमोडीच्या एका लेखात शक राज्यकर्ता महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याने ‘पोढी’ आणि मंडप दिल्याची नोंद आहे, लेखातलं वर्ष 46. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा इथे नाव कोरण्याजोगं दान म्हणजे पाण्याची सोय.

तुळजा लेण्यातलं चैत्यगृह चुकवू नका. ते गोल आहे. मध्ये स्तूप, त्याभोवती बारा खांबांचं कडं आणि वर घुमट. इतर चैत्यगृहं लांबट आणि कमानीच्या छताची असतात. असं गोल चैत्यगृह डोंगरात कोरलेलं सहसा दिसत नाही.

लेण्याद्रीला सगळे जातात ते गिरिजात्मजाला. अष्टविनायकांपैकी डोंगरात, लेण्यात बसलेला हा एकटाच. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून वर गेलं की जे प्रशस्त सभागृह लागतं, ते मुळात बौद्ध विहार आहे. भिंतींना लागून भिक्खूंच्या खोल्या आणि मध्ये एकही खांब नाही. त्यातच पुढे गणपती आला. शेजारच्या लेण्यात स्तूप आहे, तिथे सहसा कुणी नसतं. दर्शनाच्या रांगेतून बाहेर पडलात की दहा पावलं डावीउजवीकडे जाऊन बघा. दुसरा अष्टविनायक ओझरचा विघ्नेश्वर. तो कुकडीच्या काठावर आहे आणि आता त्याच्यासमोर येडगाव धरणाचं पाणी पसरलेलं असतं.

पहाऱ्यावरचे किल्ले

जिथे व्यापाराची वाट, तिथे पहारा. किल्ल्यांची नावं पश्चिमेकडून वाचत या. नाणेघाटाच्या डोक्यावर जीवधन, मग खोऱ्याच्या एका बाजूला चावंड, दुसऱ्या बाजूला हडसर, पुढे जुन्नरला खेटून शिवनेरी आणि पूर्वेला नारायणगड. दिवाबत्तीचे खांब लावावेत तसे हे अंतराअंतराने उभे आहेत. जीवधनाला लागून वानरलिंगी नावाचा सुळका आहे, प्रस्तरारोहण करणारे त्याच्यावर जीव टाकतात. हडसरचे दरवाजे आणि पायऱ्या कातळातच कोरलेल्या आहेत. बाहेरून दगड आणून रचलाच नाही, डोंगरातून नको तो दगड काढून टाकला आणि उरला तो दरवाजा.

शिवनेरीबद्दल शाळेत सगळ्यांनी वाचलं आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. 19 फेब्रुवारी 1630 ला शिवाजी महाराजांचा जन्म इथे झाला. त्याआधी या किल्ल्याने बरंच पाहिलं होतं. बहमनी राज्य खिळखिळं झालं तेव्हा मलिक अहमदने 1490 मध्ये स्वतंत्र निजामशाही उभी केली ती जुन्नरातून. अहमदनगर वसवलं ते त्यानंतर, 1494 मध्ये. म्हणजे निजामशाहीचं पहिलं घर जुन्नर. गडावर कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावर मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची तिथे कत्तल झाली, असं सांगतात. जन्मस्थान बघायला आलेल्या गर्दीतले फार कमी जण तिथे थांबतात.

आणखी एक गोष्ट पाहुण्यांना नेहमी चकित करते. महाराजांनी 1657 मध्ये जुन्नर शहरावर छापा घातला, पण शिवनेरी त्यांच्या हयातीत कधीच स्वराज्यात आला नाही. तो मराठ्यांकडे आला 1716 मध्ये, शाहू महाराजांच्या काळात. सात दरवाजांची ती वाट चढताना हे मनात ठेवलं की किल्ला का पडत नव्हता ते गुडघ्यांनाच कळतं.

1818 मध्ये इंग्रजांनी हे किल्ले घेतले आणि पुन्हा कुणी त्यांच्या आश्रयाला जाऊ नये म्हणून वाटाच उडवल्या. चावंडवर ते अजून दिसतं. अर्ध्या वाटेपर्यंत नीट कोरलेल्या पायऱ्या, मग एकदम सुरुंगाने फोडलेला कातळ. आता तिथे लोखंडी कठडे आहेत. त्याला धरून चढताना हाताखाली गार लोखंड आणि पायाखाली तुटकी पायरी, अशी ती वाट आहे.

बोरीची राख

आता या खोऱ्यातल्या माझ्या सगळ्यात आवडत्या जागेकडे. तिथे ना देऊळ, ना किल्ला. बोरी बुद्रुक गावाजवळ कुकडीच्या काठावर, मातीच्या उभ्या दरडीत एक पांढुरका पट्टा आहे. चिमटीत घेतला तर पिठीसारखा लागतो, बोटांवर हलका आणि किंचित खरखरीत. ही ज्वालामुखीची राख.

इथे डोकं थोडं चालवायला हवं. आपला सगळा दगड ज्वालामुखीचाच, मग राखेचं नवल काय? नवल असं की आपला ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाला, आणि ही राख आहे नदीने अगदी अलीकडे आणलेल्या गाळाच्या थरात. म्हणजे ती बाहेरून आली. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण फुटलेल्या काचेच्या बुडबुड्यांसारखे दिसतात. त्यांचं रासायनिक मोजमाप जुळतं ते इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी. इथून तीन हजारांहून अधिक किलोमीटर. स्फोट इतका प्रचंड होता की राख वाऱ्यावरून भारतभर पसरली. आंध्रातल्या ज्वालापुरमला आणि मध्य प्रदेशात सोन नदीच्या काठीही ती सापडते.

पुढची गंमत पुरातत्त्वाची आहे. राखेच्या आसपासच्या थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली, हातकुऱ्हाडीसारखी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1980 च्या दशकापासून हे काम केलं. राखेचं वय कळलं तर हत्यारांचं वयही कळेल, हा सरळ हिशेब. पण टोबा एकदाच फुटलेला नाही. शेवटचा महास्फोट सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीचा आणि त्याआधीचे काही लाखो वर्षं जुने. बोरीची राख त्यातली कुठली? कुणी 74 हजार वर्षांच्या बाजूने, कुणी सात-आठ लाखांच्या, आणि एका मोजणीत तर वय तेरा लाखांच्याही वर आलं. फरक किरकोळ नाही. एका बाजूचं खरं ठरलं तर कुकडीकाठी माणसाची वस्ती खूपच मागे जाते. प्रश्न अजून मिटलेला नाही. दरडीखाली उभं राहून तो पट्टा बघताना मला हेच आवडतं की इथे तिकीट नाही, पाटीला फार अर्थ नाही, आणि वाद मात्र जागतिक दर्जाचा.

पाणी आलं आणि सोबत बिबट्या

खोऱ्याचा पूर्वेकडचा भाग कोरडा होता हे वर आलंच. मग कुकडी प्रकल्प आला. कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, घोडवर डिंभे आणि माळशेज घाटाच्या माथ्याकडे पिंपळगाव जोगे. कल्पना साधी होती. घाटाजवळ पडणारा भरमसाट पाऊस अडवायचा आणि कालव्याने कोरड्या पूर्वेला, अगदी पारनेर, श्रीगोंदा, करमाळ्यापर्यंत न्यायचा. धरण वरच्याच्या जमिनीवर आणि पाणी खालच्याला, हे भांडण तेव्हापासूनचं. उन्हाळ्यात ‘आवर्तन कधी सुटणार’ हा इथे हवापाण्यासारखा नेहमीचा विषय असतो. आवर्तन म्हणजे कालव्यात ठरावीक दिवसांसाठी सोडलेलं पाणी. त्यावर मोर्चे निघतात, निवडणुका फिरतात.

पाणी आल्यावर बाजरीच्या रानात ऊस आला, द्राक्षं आली, टोमॅटो आला. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटच्या थप्प्या लागतात. खोऱ्यांची तोंडं जिथे पुणे-नाशिक रस्त्याला भेटतात तिथलं हे गाव, म्हणून बाजार इथेच फुलला. तमाशाचा बाजारही इथलाच. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. चैत्रातल्या जत्रांआधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या इथे पडतात आणि गावोगावचे पुढारी येऊन सुपारी देतात, म्हणजे आपल्या जत्रेसाठी फड ठरवतात. इसार देताना रकमेवरून जी घासाघीस चालते ती ऐकण्यासारखी असते.

ऊस आला तसा बिबट्याही शेतात आला. याकडे लोक जंगलातून आलेला पाहुणा म्हणून बघतात. तसं नाही. अडसाली ऊस शेतात दीड वर्षापर्यंत उभा असतो. दाट, गार, पाणी जवळ, आणि खायला गावातली कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून सुरक्षित जागा जंगलातही मिळत नाही. कित्येक पिढ्या उसातच जन्मलेल्या, उसातच वाढलेल्या आहेत. तोडणी सुरू झाली की उसाच्या फडात पिल्लं सापडतात. मग वनखातं ती क्रेटमध्ये ठेवून रात्री त्याच जागी नेऊन ठेवतं आणि आई येऊन एकेक उचलून नेते.

2000 नंतरच्या काही वर्षांत जुन्नरला माणसांवरचे हल्ले अचानक वाढले होते. तेव्हा पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले जात. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास करून दाखवलं की असं स्थलांतर केल्याने हल्ले कमी होण्याऐवजी, जिथे सोडले त्या भागात वाढतात. ओळखीच्या जागेतून उचललेलं जनावर बिथरतं. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, जखमी किंवा पकडलेले बिबटे तिथे ठेवतात. पण हे सगळं वाचायला ठीक. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या बाईला स्थलांतराचं शास्त्र सांगून उपयोग नाही. तिला दिवसा वीज हवी आहे. माझ्या मते बिबट्याच्या प्रश्नाचा अर्धा भाग हा विजेच्या वेळापत्रकाचा आहे.

शांततेची गरज असलेली दुर्बीण

नारायणगावहून पूर्वेला खोडद. शेतांच्या मध्ये अचानक तारांच्या प्रचंड परड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर आणि अशा एकूण 30. चौदा एका चौरस किलोमीटरच्या आसपास दाटीने आणि बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. हिचं नाव जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. तीसही परड्या एकाच वेळी एकाच दिशेला वळतात आणि त्यांनी पकडलेले संकेत एकत्र केले की 25 किलोमीटर रुंदीच्या एका दुर्बिणीइतका बारीक तपशील मिळतो.

ती डोळ्यांनी बघायची दुर्बीण नाही. आकाशातून येणाऱ्या, मीटरच्या मापात लांबी असलेल्या रेडिओ लहरी ती ऐकते. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती उभी करताना खर्च कसा वाचवला ते बघा. लहरी इतक्या लांब असतील तर परडी भरीव पत्र्याची हवीच कशाला? तारांची जाळी पुरते. जाळीतून वारा जातो, वजन कमी होतं, आधाराचा सांगाडाही हलका होतो. चाळणीतून पीठ पडतं पण गहू पडत नाही, तसंच हे.

आणि ती इथेच का? पुण्यापासून फार लांब नाही, तरी शहराच्या रेडिओ गोंगाटापासून दूर, आणि भोवती डोंगर आडोशाला. ज्या डोंगरांनी लेण्यांना दगड दिला आणि किल्ल्यांना कडे दिले, तेच इथे आवाज अडवतात. त्याची किंमतही आहे. परिसरात मोठे उद्योग नकोत, काही विशिष्ट लहरी वापरायच्या नाहीत. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची आखणीही या दुर्बिणीमुळे अडली. गावकऱ्यांची त्यावर कुरबुर असते, आणि ती अगदीच गैर नाही. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, दुर्बीण सगळ्यांना बघायला खुली असते. शाळेची पोरं बसमधून उतरून आधी डबे उघडतात, मग परडीखाली जातात.

खोऱ्याचं तोंड

येडगावच्या पुढे कुकडी सपाटीला लागते आणि थोडी कंटाळवाणी होते, खरं सांगायचं तर. निघोजला मात्र ती पुन्हा दगडात शिरते. एका काठाला निघोज, पारनेर तालुका. दुसऱ्याला टाकळी हाजी, शिरूर तालुका. मध्ये नदीचं अख्खं पात्र काळ्या कातळाचं आणि त्यात शेकडो खळगे, काही परातीएवढे, काही विहिरीसारखे खोल. हे रांजणखळगे.

ते कसे झाले हे खळग्यात वाकून बघितलं की कळतं. तळाशी गोटे पडलेले असतात, अंड्यासारखे गुळगुळीत. पुराचं पाणी दगडातल्या लहानशा खाचेत भोवरा घेतं, त्यात गोटा सापडतो आणि गरगर फिरत राहतो. जात्यासारखा. हजारो पावसाळे फिरला की खाचेचा रांजण होतो. शेजारचे दोन रांजण मोठे होत एकमेकांना भिडतात, मधली भिंत पडते आणि नदीला नवी चिंचोळी गल्ली मिळते. काठावर मळगंगेचं देऊळ आहे, जत्रा मोठी भरते.

इथून पुढे शिरूरच्या परिसरात कुकडी घोडनदीला मिळते आणि तिचं नाव संपतं. मी शेवटचा गेलो तो एप्रिल होता. वरचे खळगे कोरडे होते, खालच्यांत हिरवट पाणी साचलेलं. एक मेंढपाळ पोरगा कातळावर बसून त्यात खडे टाकत होता. आवर्तन सुटलंय का, म्हणून विचारलं. ‘सुटलंय म्हणत्यात,’ तो म्हणाला, ‘अजून इथवर आलं न्हाई.’